खुनी कोण हे कळेपर्यंत: दांडिया बाजारातील एका वाचनालयाचे परीक्षण

बडोद्याच्या दांडिया बाजारात, औषधांच्या एका दुकानाशेजारच्या अरुंद जिन्याने वर गेले की पहिल्या मजल्यावर एक खासगी मराठी वाचनालय लागते. दारावर पाटी आहे आणि पाटीवर रीतसर नावही आहे, परंतु ते नाव घेताना मी आजवर एकाही सभासदाला ऐकलेले नाही. सर्व जण त्याला ‘काकूंची लायब्ररी’ म्हणतात, आणि खुद्द काकूही फोन उचलल्यावर ‘हां, काकूंची लायब्ररी’ असेच म्हणत असल्यामुळे इथे मीही तेच नाव वापरते. गेले १४ महिने मी या वाचनालयाची सभासद आहे. माझ्या कार्डावरील नोंदींप्रमाणे या काळात मी ५७ पुस्तके नेली आणि त्यांपैकी ५२ शेवटच्या पानापर्यंत वाचली. त्याआधीच्या १४ महिन्यांत किती वाचली असे कोणी विचारले, तर उत्तर शून्य आहे.

या ५२ पुस्तकांपैकी चाळीसहून अधिक रहस्यकथा, भयकथा, गूढकथा किंवा विज्ञानकथा होत्या. मी मराठी विषय घेऊन एम. ए. केलेली बाई आहे, त्यामुळे हे वाक्य लिहिताना हात किंचित अडखळतो. पण परीक्षण लिहायला बसले आहे तर लपवाछपवी करून उपयोग नाही.

विद्यापीठात असताना आमच्या वर्गात रहस्यकथेचा उल्लेख झालाच तर तो नाक मुरडूनच होत असे, आणि नाक मुरडणाऱ्यांत मी पुढे असे. पुढे विमा कार्यालयात नोकरी लागली. दिवसभर दाव्यांचे कागद, वैद्यकीय दाखले, पंचनामे आणि वारसांचे अर्ज वाचून झाल्यावर संध्याकाळी पुस्तक हातात घेण्याची इच्छा हळूहळू कमी होत गेली आणि एक दिवस ती संपली. नेमकी कधी, ते मला सांगता येणार नाही, कारण अशा गोष्टींची तारीख कोणी लिहून ठेवत नाही. २०१८ साली बडोद्यात ९१वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा उत्साहाच्या भरात मी तिथून ११ पुस्तके विकत आणली होती. कपाटाच्या दर्शनी भागात ती अजूनही उभी आहेत आणि त्यांतील सात पुस्तकांवरचे प्लॅस्टिकचे वेष्टण मी हे लिहीत असतानाही शाबूत आहे. उरलेल्या चारांपैकी एका थोर कादंबरीची पहिली १८ पाने मी पाच वेळा वाचली. त्या १८ पानांवर कोणी आजही माझी तोंडी परीक्षा घ्यावी, मी पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईन. एकोणिसाव्या पानावर काय आहे ते मात्र मला ठाऊक नाही, कारण तिथवर पोहोचण्याआधी दर वेळी हात आपसूक मोबाइलकडे गेला.

‘वाचायला वेळच मिळत नाही’ असे मी लोकांना सांगत असे. ते खोटे होते. रोज रात्री दीड-दोन तास मी मोबाइलवर अंगठा फिरवत बसत होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतील एकही गोष्ट आठवत नसे. वेळ होता, एका जागी बसून एकाच गोष्टीच्या मागे जाण्याची सवय तेवढी मोडली होती.

वाचनालयात मी प्रथम गेले ती सभासद होण्यासाठी नव्हे, तर सासूबाईंची पुस्तके परत करण्यासाठी. त्यांच्या मोतिबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि मुदत टळून गेली तर काकूंना काय वाटेल या चिंतेने त्यांना दवाखान्यातही चैन नव्हते. काकूंनी पुस्तके घेतली, कार्डावर तारीख घातली आणि विचारले, “तू काय वाचतेस गं?” मी म्हटले, “हल्ली काहीच नाही, काकू.” कोणता लेखक आवडतो, कोणता विषय आवडतो, असे त्यांनी काहीही विचारले नाही. त्यांनी विचारले, “झोपतेस किती वाजता?” साडेअकरा, असे मी सांगितल्यावर त्यांनी मागच्या फळीवरून एक बारीकसे पुस्तक काढले. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे वेष्टण, आत मुखपृष्ठावर पिस्तूल धरलेला एक हात आणि डोळे विस्फारलेली एक स्त्री. “हे दहाला उघड. नाही आवडले तर उद्या आणून दे, पैसे घेणार नाही.”

मला राग आला होता, हे कबूल केले पाहिजे. आपल्याला एवढेच झेपेल असे या बाईंना वाटले, असा तो राग होता. कार्यालयात कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून मी ते पुस्तक पर्समध्ये डब्याच्या खाली ठेवले. रात्री दहाऐवजी साडेदहाला उघडले आणि संपले तेव्हा पावणेदोन वाजले होते. मधल्या वेळात मोबाइल दोनदा वाजला होता, हे मला सकाळी कळले.

पुस्तक उत्तम होते असे मुळीच नाही. नायक नको तेव्हा नको तिथे उगवत होता, पोलीस निरीक्षक इतका मठ्ठ होता की त्याला बढती कशी मिळाली हेच त्या पुस्तकातले सर्वांत मोठे रहस्य म्हणावे लागेल, आणि योगायोग मी मोजले ते तीन होते. तरीही तिसऱ्या पानावर एक माणूस बंद खोलीत मेलेला सापडला होता आणि त्याला कोणी मारले, हे कळल्यावाचून मला दिवा मालवता येत नव्हता. थोर कादंबरीने पहिल्या १८ पानांत मला पुष्कळ काही दिले होते, फक्त एक प्रश्न दिला नव्हता. उत्तम वाचकाला असा प्रश्न लागत नाही, तो स्वतःचे प्रश्न घेऊन पुस्तकात शिरतो. पण माझ्यासारख्या सवय मोडलेल्या माणसाला बोट धरायला काहीतरी लागते. रहस्यकथा ते बोट पहिल्या पाच पानांत पुढे करते आणि शेवटपर्यंत सोडत नाही.

या प्रकारात लेखक आणि वाचक यांच्यात एक करार असतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मोपदेशकाने, जो स्वतः रहस्यकथा लिहीत असे, १९२९ मध्ये या कराराची दहा कलमे मांडली. त्यांतील पहिले असे की गुन्हेगार हा कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाच्या नजरेखालून गेलेला असला पाहिजे. शेवटच्या प्रकरणात कुठूनतरी परका माणूस आणून त्याच्या माथी खून मारायचा नाही. हे कळल्यावर वाचण्याची रीतच बदलते. दूधवाला, दिवाणजी, आजारी आत्या, यांपैकी प्रत्येकावर नजर ठेवावी लागते, कोण कुठल्या खोलीतून कधी बाहेर पडला हे ध्यानात ठेवावे लागते, आणि या खटाटोपात आपण दोनशे पाने लक्ष देऊन वाचली हे ध्यानातही येत नाही. आमच्या कार्यालयात पॉलिसी घेतल्यानंतर थोड्याच काळात मृत्यूचा दावा आला तर त्याचे कागद अधिक बारकाईने तपासतात. पंधरा वर्षे मी ते काम कंटाळून करत आले आहे. तेच काम, नायकाच्या बरोबरीने, रात्री अंथरुणात पडून मी हौसेने करीन असे मला कोणी सांगितले असते तर मी हसले असते.

आता वाचनालयाविषयी. खोल्या दोन, त्यांपैकी आतल्या खोलीत ललित, चरित्रे, आध्यात्मिक, पाककृती वगैरे सर्व काही आहे आणि ते इतर कुठल्याही वाचनालयासारखेच आहे. बाहेरच्या खोलीतील तीन कपाटे हे या वाचनालयाचे वैशिष्ट्य. तिथे पुस्तके लेखकाच्या नावाप्रमाणे किंवा विषयाप्रमाणे लावलेली नाहीत. फळ्यांवर पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवले आहेत आणि त्यांवर काकूंच्या गोल अक्षरात लिहिले आहे: ‘एक रात्र’, ‘दोन रात्री’, ‘रविवार’, ‘प्रवास – अहमदाबाद’, ‘प्रवास – मुंबई’ आणि सर्वांत खाली ‘घरात कोणी असताना’. ग्रंथालयशास्त्राच्या दृष्टीने ही व्यवस्था हास्यास्पद असेल, परंतु वाचकाच्या दृष्टीने याहून उपयुक्त वर्गीकरण मी पाहिलेले नाही, कारण पुस्तक निवडताना माणसाला खरा प्रश्न असतो तो हाच की आज आपल्यापाशी किती वेळ आहे आणि किती बळ आहे.

‘एक रात्र’ या फळीवर प्रामुख्याने बाबूराव अर्नाळकर आहेत. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या, आणि झुंजार, काळापहाड ही त्यांची पात्रे आमच्या वडिलांच्या पिढीला शेजाऱ्यापाजाऱ्यांइतकी ओळखीची होती. माझे वडील आजोबांच्या धाकाने ती पुस्तके अंकगणितात लपवून वाचत. मी ती पन्नाशी ओलांडल्यावर, कोणाचाही धाक नसताना वाचली, त्यामुळे कदाचित निम्मी मजा हुकली असेल. माझे मत असे की अर्नाळकर सलग तीन वाचावेत, चौथा वाचवत नाही. नायकाला खरोखर इजा होणार नाही हे लवकर लक्षात येते आणि वेषांतर केलेल्या माणसाला त्याच्या सख्ख्या भावानेही ओळखू नये याचे पुढे पुढे हसू येऊ लागते. पण वाक्ये आखूड, घटना एकीला लागून दुसरी, आणि वाचकाला जांभई द्यायची सवड नाही. दुखण्यातून उठलेल्या माणसाला पेज द्यावी तसे काकू नव्या सभासदांना अर्नाळकर देतात, आणि ते योग्यच आहे.

सुहास शिरवळकर (१९४८–२००३) हे त्यानंतरचे पथ्य. महाविद्यालयीन तरुणांवरील कादंबरीमुळे त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, परंतु अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद हे त्यांचे नायक मला इथे प्रथम भेटले. त्यांच्या संवादांना वेग आहे, मुंबई-पुण्याच्या तरुणांची तेव्हाची बोली आहे. न्यायालयातील प्रसंग मला विशेष आवडले, कदाचित नोकरीमुळे.

परंतु माझे खरे पुनर्वसन केले ते नारायण धारप (१९२५–२००८) यांनी. ‘घरात कोणी असताना’ ही फळी जवळजवळ त्यांचीच आहे. भयकथा म्हटली की स्मशान, वटवाघळे आणि कवट्या, अशी माझी समजूत होती. धारपांच्या कथांत त्याऐवजी स्वस्तात मिळालेले भाड्याचे घर असते, नव्याने बदली होऊन आलेला सज्जन माणूस असतो, स्वयंपाकघरातून कपबश्यांचा आवाज येत असतो, आणि तो आवाज थांबल्यावर वाचकाला आठवते की घरात आणखी कोणीही नव्हते. अमंगळाशी झुंजणारे त्यांचे समर्थ आणि त्यांची हकिकत सांगणारे अप्पा जोशी यांची जोडी मला इतकी जवळची झाली की अप्पांच्या जागी आपण असतो तर पहिल्याच प्रकरणात गाव सोडून पळालो असतो, असे मी मनाशी अनेकदा म्हटले आहे. त्यांच्या काही कादंबऱ्यांचा मूळ सांगाडा स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाचा आहे आणि त्याबद्दल त्यांना नावे ठेवणारे लोक आहेत. मला त्याचे वैषम्य वाटत नाही. सांगाडा कोठलाही असो, त्यातील आळी, ओसरी, माजघर आणि माजघरातल्या म्हाताऱ्या इतक्या अस्सल मराठी आहेत की भीतीही आपल्याच घरची वाटते. यजमान सुरतेला गेले असताना काकूंची सूचना डावलून मी या फळीवरचे एक पुस्तक वाचले, आणि रात्री दोन वाजता उठून स्वयंपाकघरातील नळ नीट बंद आहे की नाही हे पाहण्यासाठी घरातले सर्व दिवे लावले. नळ बंदच होता. तेवढे पाहून मी पुन्हा पुस्तक उघडले, यातच सगळे आले.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) याच फळीच्या उजव्या टोकाला आहेत. त्यांची गूढकथा छोटी असते आणि नाटककाराचा हात शेवटच्या दोन परिच्छेदांत दिसतो. त्या कथा एका बैठकीत सर्व वाचू नयेत. रोज एक, जेवणानंतरच्या बडीशेपेसारखी.

विज्ञानकथांना मात्र स्वतंत्र पुठ्ठा नाही. काकूंना त्या फारशा रुचत नाहीत आणि त्या ते लपवतही नाहीत, तरी जयंत नारळीकरांची पुस्तके त्यांनी काचेच्या कपाटात ठेवली आहेत. नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली होती. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून हे नाव तयार केलेले आहे. नामांकित शास्त्रज्ञाने स्पर्धेत भाग घेताना नाव झाकावे आणि झाकतानाही वाचकासाठी एक दुवा ठेवून द्यावा, ही गोष्टच मला रहस्यकथेइतकी गोड वाटते. याच नारळीकरांना २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, तेव्हा आमच्या वर्गातली मुरडलेली नाके कुठे गेली असतील कोणास ठाऊक. मे २०२५ मध्ये ते गेले त्या आठवड्यात काचेचे कपाट रिकामे झाले होते, असे काकूंनी सांगितले.

अनुवादित पुस्तकांविषयी थोडेसे. शेरलॉक होम्स मराठीत आहे, सत्यजित राय यांचा फेलूदाही आहे, आणि ते दोन्ही निःशंकपणे न्यावेत. इतर अनुवादांच्या बाबतीत सावध राहावे. आंतरराष्ट्रीय कारस्थानाची एक ४०० पानी कादंबरी मला काकूंनी दिली, तिच्यात माणसे ‘आपले खांदे उडवत’ होती आणि ‘थंड पाठीचा कणा’ घेऊन हिंडत होती. साठाव्या पानावर मी हात टेकले. परत करताना काकू म्हणाल्या, “मलाही नव्हते आवडले. पण तू ऑफिसातली, म्हटले तुला चालेल.” न वाचलेल्या पाच पुस्तकांत हे एक आहे.

एक गंभीर दोष पुस्तकांचाच आहे, वाचनालयाचा नाही. जुन्या रहस्यकथांत बाई एकतर किंचाळते, नाहीतर बेशुद्ध पडते, नाहीतर रूपाच्या जोरावर कारस्थान करते. चाळीसहून अधिक पुस्तकांत स्वतःच्या बुद्धीने गुन्ह्याचा छडा लावणारी मराठी स्त्री मला भेटली नाही. याविषयी काकूंपाशी तक्रार केली तेव्हा त्यांनी शांतपणे उत्तर दिले की या तिन्ही कपाटांत कोणते पुस्तक कुठे आहे याचा छडा गेली ३० वर्षे एक बाईच लावते आहे.

वास्तविक बडोद्यासारख्या शहरात माणसाने पैसे भरून खासगी वाचनालयात जावे, याचे बाहेरगावच्या लोकांना आश्चर्य वाटेल. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि शिकलेली माणसे पुस्तकांअभावी अक्षरे विसरून जाऊ नयेत म्हणून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय ही त्या योजनेची ठळक खूण. तिथली लोखंडी कपाटांची रचना आणि वरून आलेला उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोहोचावा म्हणून घातलेली काचेची जमीन प्रत्येकाने एकदा तरी पाहावी. गावोगाव तर पुस्तके लाकडी पेट्यांतून पाठवली जात. लहानपणी इतिहासाच्या पुस्तकात हे वाचले तेव्हा ‘अक्षरे विसरणे’ ही अडाणी माणसांची अडचण वाटली होती. एम. ए. झालेली बाईही वाचायचे विसरू शकते, याचा अनुभव मात्र स्वतःच घ्यावा लागला. मध्यवर्ती ग्रंथालयात मी संदर्भासाठी जाते आणि आदराने जाते. परंतु कोणते पुस्तक हवे हेच ज्याला सांगता येत नाही, त्याला पुस्तकांच्या मोठ्या भांडारात उभे राहिल्यावर धडकी भरते. त्याला कपाटांपेक्षा कपाटापाशी बसलेल्या माणसाची गरज असते.

व्यवहाराच्या बाबी पुढीलप्रमाणे. अनामत ५०० रुपये, मासिक वर्गणी १८० रुपये, एका वेळी दोन पुस्तके आणि मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास दर दिवशी २ रुपये दंड, आणि तो सासूबाईंनाही माफ होत नाही. वेळ दुपारी साडेचार ते रात्री आठ, सोमवारी बंद. घरपोच सेवा आहे, तिचे प्रत्येक फेरीला ४० रुपये पडतात. जेवणाचे डबे पोचवणारा मुलगाच डब्यांबरोबर पुस्तके आणतो, त्यामुळे माझ्या एका भयकथेला महिनाभर कढीचा वास येत होता. व्हॉट्सअॅपवर संदेश पाठवला तर काकू आवाजी संदेशाने उत्तर देतात आणि त्या संदेशात कधी कधी कथानकाचा नको तेवढा भाग सांगून टाकतात. ‘पुढचे सांगू नका’ असे आधीच लिहावे.

तक्रारी पुष्कळ आहेत. सूची म्हणजे दोन जाड वह्या, आणि त्यांतील नोंदी २०११ पर्यंतच्याच; त्यापुढची सूची काकूंच्या डोक्यात आहे. तिसऱ्या कपाटावरची ट्यूबलाइट मी सभासद झाल्यापासून बंद आहे, तिथे मोबाइलचा दिवा लावून शोधावे लागते. डांबराच्या गोळ्यांचा वास ज्यांना सहन होत नाही त्यांनी दारातूनच पुस्तक मागावे. जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे आणि पायऱ्या उंच, त्यामुळे ज्या वयाच्या लोकांना या पुस्तकांची सर्वाधिक ओढ आहे त्यांनाच वर येणे अवघड जाते. दुचाकी लावायला जागा नाही, हे दांडिया बाजारात वेगळे सांगायला नको. जुन्या आवृत्त्यांची अक्षरे बारीक आहेत आणि कागद इतका ठिसूळ की पान उलटताना श्वास रोखावा लागतो. गेल्या पाच-सात वर्षांत आलेली नवी पुस्तके जवळपास नाहीतच; विचारले की काकू म्हणतात, नवी पुस्तके महाग आहेत आणि सभासद जुने आहेत.

सर्वांत मोठी उणीव मात्र गेल्या पावसाळ्यात कळली. मुलीच्या बाळंतपणासाठी काकू तीन आठवडे पुण्याला गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी पुतण्या बसला होता. मुलगा नम्र, हिशोबाला पक्का, दार वेळेवर उघडणारा. मी त्याला सांगितले की डोके शिणले आहे, काहीतरी दे. त्याने वही पुढे केली. मी वही चाळली, दोन पुस्तके उचलली आणि दोन्ही न वाचता परत केली. पुस्तके तीच होती, फळ्या त्याच होत्या. काकू सत्तरीच्या पुढे आहेत. याहून अधिक काही लिहीत नाही.

तेव्हा ही वर्गणी कोणी भरावी? ज्यांचे वाचन चालू आहे आणि ज्यांना नवे साहित्य हवे आहे त्यांनी भरू नये, त्यांची निराशा होईल. ज्यांना स्वच्छ, कोऱ्या प्रती लागतात त्यांनीही नको. ज्यांच्या घरी संमेलनातून आणलेली पुस्तके वेष्टणासकट उभी आहेत, त्यांनी तीन महिन्यांची भरून पाहावी. माझी ती सात पुस्तके मी काढीन की नाही हे मला अजून ठरवता आलेले नाही, काकूंना विचारले, तर त्या म्हणाल्या, “कशाला घाई?”

कोऱ्या प्रतींचा उल्लेख केला म्हणून एक सांगायचे राहिले. ‘दोन रात्री’ या फळीवर एक जुनी रहस्यकथा आहे, तिची शेवटची सहा पाने पूर्वीच कधीतरी गहाळ झाली होती. काकूंच्या यजमानांनी, ते हयात असताना, दुसरीकडून तिची प्रत मिळवली आणि ती सहा पाने रेघी कागदावर निळ्या शाईने उतरवून काढून खळीने आत चिकटवली. अक्षर तिरपे, ओळी सरळ, खाडाखोड एकच. तीही खुन्याचे नाव लिहिताना, जणू लिहिणाराच तिथे क्षणभर थबकला असावा. मजकूर संपल्यावर एक आडवी रेघ आहे आणि रेघेखाली त्यांनी स्वतःचे एक वाक्य लिहिले आहे: ‘माझा संशय दिवाणजींवर होता.’ त्याखाली निरनिराळ्या पेन्सिलींनी, निरनिराळ्या हातांनी, वर्षानुवर्षे भर पडत गेली आहे. ‘माझाही.’ ‘मला धाकट्या बहिणीची शंका होती.’ एकाने गुजरातीत लिहिले आहे की त्याला पहिल्या प्रकरणातच कळले होते. त्यावर दुसऱ्याने मराठीत ‘खोटे’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत.

माझाही संशय दिवाणजींवर होता, तसे मी लिहिले. पुस्तक परत घेताना काकूंनी चष्मा लावून ते पान उघडले, माझी ओळ वाचली, पान मिटले आणि दोन दिवस उशिराचे चार रुपये मागितले.